पेंग्विनच्या हातात रिमोट!

विंडोजनं रिटायर केलेला पीसी, गोलाणी मार्केटमधून आणलेला गेमपॅड आणि धुळ्यातला एक चौदा वर्षांचा गेमर. लिनक्सवर गेमिंग होतं का? होतं, बॉस! पण खरा प्रश्न वेगळाच आहे…

भाऊबीजेला भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, असा आपला साधासरळ हिशेब. २०२५च्या भाऊबीजेला मात्र माझ्या धुळ्याच्या मावसभावानं हिशेब उलटा केला. मी औक्षण केलं, तोंडात करंजीचा तुकडा कोंबला आणि तबकाकडे आशेनं बघत बसले. साहेबांनी तबकात काही टाकायच्या ऐवजी पलंगाखाली बोट दाखवलं. तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेला एक सीपीयू होता.

‘‘ताई, हा चालू करून दे ना. गेमसाठी.’’

हा सीपीयू म्हणजे काकांच्या कृषी सेवा केंद्रातला जुना नोकर. २०१७ साली घेतलेला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम. आठ वर्षं त्यानं खतांची आणि बियाण्यांची बिलं काढली. मग १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आली आणि मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ टाकावं, तर त्याला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. म्हणजे आमचा गडी दोन पिढ्यांनी नापास! तसं मायक्रोसॉफ्टनं घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची जादा मुदत दिली होती, पण काकांनी तेवढा धीर धरला नाही. दुकानात नवा लॅपटॉप आला, जुना पीसी घरी पलंगाखाली गेला. काकांचा निकाल अहिराणीतला, दोन शब्दांत मोडीत काढणारा: ‘‘भंगारवालाले दी टाक.’’

मशीन मात्र ठणठणीत होतं. पंखा फिरत होता, डिस्क चालत होती. मरण आलं होतं ते फक्त कागदावर.

लॉकडाऊनचा फंडा

मावसभावानं मलाच का पकडलं, ते सांगते. मी काही कॉम्प्युटरवाली नाही. मास कॉम केलेली, लेख पाडून पोट भरणारी मुलगी. पण २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याची रूम सोडून जळगावला घरी अडकले होते. हातात एक म्हातारा लॅपटॉप आणि समोर मे महिना. जळगावचा मे महिना म्हणजे काय, ते जळगाव-भुसावळकरांनाच विचारा! पारा ४५ला टेकलेला, कूलर ढणढणतोय आणि लॅपटॉपवर पोळी भाजावी इतका तो तापलेला. विंडोजचे अपडेट सुरू झाले की मशीन अर्धा तास कोमात. वैतागून इंजिनिअरिंगवाल्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, लिनक्स टाक. मी हसले. लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करणाऱ्या, प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरतं ते शिकणाऱ्या मुलांचं काम, असं माझं मत होतं. आणि गेमिंग? छे! लिनक्सवर गेमिंग म्हणजे उपासाच्या दिवशी शेवभाजी.

माझं मत दहा वर्षं शिळं होतं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान लिनक्सवर फेब्रुवारी २०१३मध्येच आलं होतं, पण तेव्हा फक्त लिनक्ससाठी मुद्दाम बनवलेले गेम चालायचे आणि असे गेम बोटावर मोजावेत इतके. खरी गंमत झाली ऑगस्ट २०१८मध्ये. स्टीमच्या मालकांनी, म्हणजे वॉल्व्ह कंपनीनं, ‘प्रोटॉन’ आणलं.

प्रोटॉन म्हणजे काय, ते आमच्या घरच्या भाषेत सांगते. माझी आजी अस्सल अहिराणी बोलायची. पुण्याहून आलेल्या माझ्या काकूला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मग दोघींच्या मध्ये माझी आई बसायची. आजी अहिराणीत बोलायची, आई ते तिथल्या तिथे मराठीत सांगायची, काकू कामाला लागायची. प्रोटॉन म्हणजे ही आई. विंडोजसाठी लिहिलेला गेम विंडोजच्या भाषेत हुकूम सोडतो, प्रोटॉन तो लिनक्सला कळेल असा करून देतं. चित्र काढायचे हुकूम डायरेक्टएक्समधून व्हल्कनमध्ये जातात आणि ग्राफिक्स कार्ड कामाला लागतं. सगळं नाटक पडद्यामागे. या दुभाष्याचं मूळ म्हणजे ‘वाइन’ हा प्रोजेक्ट. तो १९९३पासून सुरू आहे, म्हणजे माझ्यापेक्षाही वयानं मोठा! आणि हे सगळं ओपन सोर्स. कुणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं, वाटावं.

वॉल्व्हनं हा खटाटोप काही समाजसेवा म्हणून केला नाही, हेही सांगून टाकते. त्यांना विंडोजच्या मेहेरबानीवर जगायचं नव्हतं. फेब्रुवारी २०२२मध्ये त्यांनी ‘स्टीम डेक’ हे हातात धरायचं गेमिंग मशीन आणलं आणि त्यात लिनक्सच घातलं. डेक विकायचं तर गेम चालायला हवेत, म्हणून प्रोटॉनवर पैसा ओतला. त्याचा फायदा डेक कधी न पाहिलेल्या धुळ्या-जळगावच्या पोरांनाही झाला. ऑक्टोबर २०२५च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाले पहिल्यांदाच तीन टक्क्यांच्या वर गेले. तीन टक्के हा आकडा काही सॉलिड वाटत नाही, मान्य. पण जगभरातले स्टीमवाले कोटींमध्ये आहेत, तेव्हा गुणाकार तुम्हीच करा.

चालस का?

तर भाऊबीजेच्या दुपारी देवपूरच्या त्या घरात ऑपरेशन सुरू झालं. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यात लिनक्स मिंट. मिंटच का? कारण ते दिसायला जुन्या विंडोजसारखं आहे, घरातले बाकीचे घाबरत नाहीत आणि मेनू मराठीत करता येतो. आधी नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवून बघितलं. वायफाय पकडलं, आवाज आला, मग डिस्कवर चढवलं. जुनी हार्ड डिस्क काढून एक छोटी एसएसडी बसवली होती. अर्ध्या तासात काम फत्ते. ज्यांना एकट्यानं शिकायचंय त्यांच्यासाठी एक टीप: आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे फुकट धडे आहेत, त्यातले कित्येक चक्क मराठीतून.

ग्राफिक्स कार्ड मी जळगावहून घेऊन गेले होते, सेकंडहँड आरएक्स ५७०. इथे थोडं विषयांतर. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनानं कार्डं वापरून होणारं ‘मायनिंग’ बंद केलं. त्यामुळे रात्रंदिवस राबवलेली ढिगानं कार्डं सेकंडहँड बाजारात आली. घासाघीस करून मिळतात, पण घेताना पंखे फिरवून, पंधरा मिनिटं गेम चालवूनच घ्या. एएमडीच्या कार्डाचं लिनक्सवर सुख असं, की ड्रायव्हर आधीच आत असतो. सीडी नको, डाउनलोड नको. एनव्हिडिया असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन एक क्लिक करावी लागते. पण कार्ड फारच जुनं असेल आणि त्याला व्हल्कन धड येत नसेल, तर दुभाष्या काय करणार? समोरचा बहिरा असल्यावर!

आता पहिला गेम कुठला? माझ्या डोक्यात एकच नाव होतं. ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला, २०२०मध्ये आलेला गेम. २०१७मध्ये त्यांनी त्यासाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नाही. तरी पोरांनी हट्टानं गेम पुरा केला. गोष्ट काय? असुर लहान भावाला उचलून नेतात आणि राजी नावाची मुलगी त्याला शोधायला निघते. भाऊबीजेला याहून चांगला मुहूर्त कुठला?

गेम विंडोजसाठी बनवलेला. स्टीमवर ‘इन्स्टॉल’ दाबलं, डाउनलोड झाला, ‘प्ले’ दाबलं. स्क्रीन काळा. तीन सेकंद. पाच सेकंद. दारातून काकांचा आवाज: ‘‘चालस का?’’

आणि पहाडी चित्रशैलीतला तो सुंदर पडदा उघडला. ‘‘चालनं!’’ पोरगं असं ओरडलं, की शेजारच्या आजी काय झालं म्हणून बघायला आल्या.

रिमोट, म्हणजेच कंट्रोलर

पुढची पाच मिनिटं राजी बिचारी आकाशाकडे बघत गोल गोल फिरत होती.

दोष गेमचा नव्हता, लिनक्सचाही नव्हता. दोष आमच्या ‘रिमोट’चा होता. हो, खान्देशात गेमपॅडला आम्ही रिमोटच म्हणतो. टीव्हीला जोडायच्या त्या पिवळ्या-काळ्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमच्या दिवसांपासून. नऊ पिनांची वायर, दोन लाल बटणं आणि मोठ्या भावानं लहान भावाच्या हातात दिलेला न जोडलेला रिमोट. ही फसवणूक सगळ्या घरांत झालेली आहे, नाही म्हणू नका!

मी गोलाणी मार्केटमधून आणलेला पॅड हजारच्या आतला. अशा पॅडमध्ये एक गोम असते. तो दोन-तीन सोंगं घेतो. एक सोंग ‘एक्स-इनपुट’, म्हणजे मी एक्सबॉक्सचा पॅड आहे असं कॉम्प्युटरला सांगणं. दुसरं ‘डायरेक्ट-इनपुट’, जुन्या काळचं. काहींना तिसरंही येतं, निन्टेंडोचं. आमचा पॅड डबीतून निघाला तो दुसऱ्या सोंगात. त्या सोंगात उजव्या काडीची हालचाल आणि ट्रिगरची हालचाल वेगळ्या क्रमानं जाते, म्हणून गेमला वाटत होतं की कुणीतरी सतत आकाशाकडे बघतंय. उपाय? मधलं होम बटण काही सेकंद दाबून धरलं, दिव्याची जागा बदलली, काम खतम. काही पॅडना मागे चक्क एक सरकता खटका असतो, ‘डी’ आणि ‘एक्स’ लिहिलेला. तो एक्सवर ठेवा. डबीतल्या कागदावर हे सगळं लिहिलेलं असतं, पण तो कागद आपण वाचतो का?

एक्सच्या सोंगात आल्यावर लिनक्सला काहीही शिकवावं लागत नाही. एक्सबॉक्सच्या पॅडचा ड्रायव्हर, नाव ‘एक्सपॅड’, लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. वायर खुपसा आणि खेळा. कॉस्मिक बाइट, इव्होफॉक्स, रेडगिअर हे आपल्याकडचे ब्रँडही बहुतेक एक्स-इनपुट बोलणारेच असतात, फक्त खोक्यावर तसं लिहिलंय का ते बघून घ्या. आणि प्लेस्टेशनवाल्यांची गंमत माहितीये? प्लेस्टेशन ५च्या ड्युअलसेन्स पॅडचा लिनक्स ड्रायव्हर सोनीनं स्वतः लिहून दिला. तो २०२१मध्ये कर्नलच्या ५.१२ आवृत्तीत आला. निन्टेंडोच्या पॅडचा त्यानंतर, ५.१६मध्ये.

मावसभावाकडे एक जुना, नाव-गाव नसलेला पॅडही होता, मित्राकडून क्रिकेट बॅटच्या बदल्यात घेतलेला. त्याला एकच सोंग येतं, जुनं. तोही फेकायची गरज पडली नाही. स्टीमच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरचा विभाग आहे. तिथे पडद्यावर एकेक बटण दाखवतात, तुम्ही ते पॅडवर दाबायचं. दोन मिनिटांचं काम. स्टीम ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या गेमला स्वतःच एक्सबॉक्सचा पॅड असल्याची बतावणी करतं. थोडक्यात, पॅडला सोंग येत नसेल तर स्टीम त्याच्या वतीनं घेतं. दोन पॅड झाले, मग काय! ‘सुपरटक्सकार्ट’ टाकला. हा पेंग्विनच्या गाड्यांचा ओपन सोर्स रेसिंग गेम, फुकट आणि कायदेशीर, एकाच पडद्यावर दोघांना खेळता येतो. रात्री साडेनऊला मावशी माझ्याविरुद्ध तीन रेस हरली आणि चौथी जिंकली. तिचं म्हणणं, पहिल्या तीनला तिचा रिमोट जोडलेलाच नव्हता. जुन्या फसवणुकीचा राग असा निघतो.

चालू देतात का?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगं गप्प. चहाला उठलं नाही. काय झालं म्हणून बघते तर ‘व्हॅलोरंट’ लागत नव्हता.

आता हे मला माहीत होतं, आदल्या दिवशी सांगायचं मी टाळलं होतं. त्याचे वर्गातले सगळे मित्र गेमिंग कॅफेत तासाच्या हिशेबानं व्हॅलोरंट खेळतात. त्याला पीसी हवा होता तो खरं तर त्यांच्यात घुसण्यासाठी. माझ्या लहानपणी आम्ही कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळायचो, भारनियमनाची वेळ बघून जायचो आणि राउंड रंगात आला की लाइट जायचे. एकट्यानं खेळायचा गेम कितीही भारी असला तरी चौदाव्या वर्षी गँग महत्त्वाची असते. हे मला कळत होतं, म्हणूनच सांगायला जीभ रेटली नव्हती.

व्हॅलोरंट लिनक्सवर का चालत नाही? प्रोटॉन कमी पडतं म्हणून नव्हे. त्या गेमबरोबर ‘व्हॅनगार्ड’ नावाचा पहारेकरी येतो. तो विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो आणि कुणी चीटिंग करतंय का ते बघतो. लिनक्सचा गाभा कुणीही उघडू शकतो, बदलू शकतो, म्हणून कंपनीचा त्याच्यावर भरवसा नाही. प्रश्न संपला. ‘फोर्टनाइट’चंही तेच. ‘एपेक्स लिजंड्स’ची तर आणखी वाईट कथा. तो लिनक्सवर व्यवस्थित चालायचा, २०२४च्या ऑक्टोबरअखेरीस कंपनीनं चीटिंगचं कारण देऊन दार लावून घेतलं. ‘जीटीए’चा ऑनलाइन भाग सप्टेंबर २०२४मध्ये असाच गेला. गंमत म्हणजे ‘इझी अँटी-चीट’ आणि ‘बॅटलआय’ हे दोन मोठे पहारेकरी २०२१पासून प्रोटॉनवर काम करू शकतात. फक्त गेमच्या कंपनीनं ‘हो’ म्हणायला हवं. काही म्हणतात, काही म्हणत नाहीत.

मला कंपन्यांची बाजू अगदीच कळत नाही असं नाही. चीटर आला की गेमचा विचका होतो, हे कॅफेत बसलेल्या प्रत्येकाला माहितीये. पण लिनक्सवर ‘चालतं का’ हा प्रश्न आता मागे पडलाय. आता प्रश्न ‘चालू देतात का’ हा आहे, आणि त्याचं उत्तर कुठल्या मशीनमध्ये नसतं, कुणाच्या तरी ऑफिसात असतं.

आणि हे फक्त पहारेकऱ्यांचं नाही. जुलै २०२५मध्ये स्टीमनं काही प्रौढांसाठीचे गेम दुकानातून काढले. कारण सरकार नव्हे, पोलीस नव्हे, तर पैसे वळते करणाऱ्या पेमेंट कंपन्यांचे नियम. त्याच महिन्यात ‘इच’ या छोट्या गेमवाल्यांच्या साइटनंही असे गेम शोधात दिसेनासे केले. मी काही त्या गेमसाठी अश्रू ढाळणार नाही, त्यातले काही गेलेलेच बरे. पण कुठला गेम विकायचा ते कार्डवाला ठरवणार, हे जरा खटकतंच. उद्या त्याला माझा एखादा आवडता गेम आवडला नाही तर?

मावशीचा प्रश्न आणखी वेगळा. ‘‘माय, सरकारनं गेमवर बंदी आणली ना? मग हे घरात कसं चालतं?’’ तिचा गोंधळ स्वाभाविक आहे. सप्टेंबर २०२०मध्ये ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली, २०२१ला तोच गेम ‘बीजीएमआय’ होऊन परतला, जुलै २०२२मध्ये पुन्हा गायब झाला, मे २०२३मध्ये पुन्हा आला. एवढी ये-जा तर एसटी स्टँडवरही होत नाही! आणि मग ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून, जिंकायच्या आशेनं खेळायच्या गेमवर आहे. असा धंदा चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. ई-स्पोर्ट्सला मात्र त्याच कायद्यानं मान्यता दिलीय. एकदा पैसे देऊन विकत घेतलेला आणि घरी बसून खेळायचा ‘राजी’सारखा गेम या बंदीत येत नाही. हे सांगितल्यावर मावशीचा जीव भांड्यात पडला.

पण तिचा पुढचा प्रश्न मला जास्त अवघड गेला. याच्या वयाला कुठला गेम बरा, ते कसं कळायचं?

सिनेमाला आपल्याकडे सर्टिफिकेट असतं. २०२४च्या शेवटापासून तर यूएमध्येही सात, तेरा आणि सोळा असे टप्पे आले. पीसी गेमला असं भारतीय सर्टिफिकेट नाही. दुकानात जे विदेशी शिक्के दिसतात त्यावर भागवायचं. ओपन सोर्सवाल्यांनी मात्र आपापसात एक सोय करून ठेवलीय, नाव ‘ओआर्स’. गेम बनवणारा स्वतः एक प्रश्नावली भरतो. मारामारी आहे का, रक्त दिसतं का, शिव्या आहेत का, जुगार आहे का, अनोळखी माणसाशी गप्पा मारता येतात का. ग्नोमच्या सॉफ्टवेअर दुकानात गेमच्या पानावर वयाचा आकडा दिसतो, त्यावर टिचकी मारली की कुठल्या कारणानं तो आकडा आला ते उलगडतं. स्वतःच स्वतःला मार्क देण्याचा प्रकार आहे, त्यामुळे शंभर टक्के विसंबू नका. तरी शेवटचा प्रश्न, गप्पांचा, मला सगळ्यात कामाचा वाटतो. रक्तापेक्षा मला चौदा वर्षांच्या पोराशी रात्री अकराला बोलणारा अनोळखी आवाज जास्त घाबरवतो.

स्टीमवर ‘फॅमिलीज’ नावाची सोय आहे, सप्टेंबर २०२४मध्ये सगळ्यांना खुली झाली. सहा जणांपर्यंत एक कुटुंब. पालक ठरवतात कुठले गेम दिसायचे, किती वेळ खेळायचं आणि मुलाला काही विकत हवं असेल तर आधी आई-बापाकडे अर्ज जातो. आम्ही तिघांनी बसून वाटाघाटी केल्या. शाळेच्या दिवशी एक तास, रविवारी तीन. पोरानं दोन मागितले होते, मावशी अर्ध्यावर अडली होती. दहावीचं वर्ष लागलं की पुन्हा बैठक, हेही ठरलं. काकांनी फक्त एक अट घातली: लाइटबिल.

ती अटही आम्ही पाळली, आणि यात लिनक्सचा एक जाम आवडता फंडा वापरला. ‘मँगोहड’ नावाचं एक छोटं साधन आहे. ते कोपऱ्यात तापमान आणि फ्रेमचा आकडा दाखवतं, शिवाय फ्रेमना लगाम घालता येतो. सेकंदाला साठऐवजी चाळीस फ्रेम केल्या, की कार्ड कमी वीज खातं आणि कमी तापतं. गोष्टीच्या गेममध्ये फरक जाणवतही नाही. खान्देशातल्या उन्हाळ्यात कॅबिनेटची बाजू काढून समोर टेबल फॅन लावणाऱ्या सगळ्या भावंडांनी हे जरूर करावं. टेबल फॅननं हवेपेक्षा धूळच जास्त आत जाते, हे मी स्वतःच्या मशीनची किंमत मोजून शिकलेय.

गँगचं काय झालं? त्याच्यापुढे मी दोन रस्ते ठेवले. ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ हे दोन्ही फुकट आणि दोन्ही लिनक्ससाठीच बनवलेले, दुभाष्याचीसुद्धा गरज नाही. पण काउंटर-स्ट्राइकमध्ये बंदुका आणि अनोळखी आवाज दोन्ही आहेत, मावशीनं पंधरा सेकंद बघून नकार दिला. डोटा त्याला बोअर झाला. मग त्यानंच ‘०ए.डी.’ शोधून काढला. जुन्या साम्राज्यांच्या लढायांचा ओपन सोर्स गेम, त्यात मौर्यही आहेत, हत्तींसकट. जानेवारी २०२५मधल्या त्याच्या आवृत्तीचं नाव तर ‘अग्नी’ होतं! आणि हा विंडोजवरही फुकट चालतो, म्हणजे मित्रांना काही विकत घ्यायला नको. कुणाच्या परवानगीचाही प्रश्न नाही, एकाच्या वायफायवर बसून खेळता येतो.

मी परत निघाले तेव्हा त्याचे दोन मित्र आले होते. एकानं घरचा लॅपटॉप आणला होता, दुसरा नुसताच बघायला. तिघं मौर्यच कुणी घ्यायचे यावरून भांडत होते. व्हॅलोरंटचं नाव अजून निघत होतं, नाही असं नाही. शनिवारी तो कॅफेत जाऊन एक तास खेळतोच, मावशीला सांगून.

पारोळ्याच्या पुढे एसटीत असताना त्याचा मेसेज आला. त्या दुसऱ्या मित्राच्या घरीही एक पीसी पडलाय, पाचव्या पिढीचा. ग्राफिक्स कार्ड नाही. ‘‘ताई, तो चालस का? आणि तुझा पेन ड्राइव्ह इथंच राहिलाय, दोन दिवस ठेवू?’’